मॅम लुदिंगचा ओठ

लुदिंगच्या तिसरीच्या आणि माझ्या चौथीच्या वर्गामध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे, आणि तेही छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ती जे शिकवते ते माझ्या मुलांना दुसऱ्यांदा ऐकायला मिळतं आणि मी शिकवते ते तिच्या मुलांना एक वर्ष आधी. आमच्या शाळेत हुशार मुलं फार निघतात त्याचं खरं कारण हे आहे. हेडमास्तर तिरादोर सर मात्र त्याचं श्रेय स्वतःच्या भाषणांना देतात.

लुदिंग म्हणजे लुदिविना तुमाबोताबो. हिला कधी कोणावर रागावणं जमलं नाही. तसं आमच्या इलोइलो प्रांताकडचं कोणीच धड रागावू शकत नाही. आमची माणसं तावातावानं भांडत असली तरी बाहेरच्याला वाटतं, सोयरिक जुळवतायत. पण लुदिंगचं म्हणजे फारच. "इंदाय, खाली बस नाहीतर तंगडं मोडीन हं तुझं," हे ती एखाद्या पोरीला (पोरीला आमच्याकडे इंदाय म्हणतात, मैत्रिणीला नुसतं दाय) इतक्या लडिवाळ सुरात म्हणायची की त्या मुलीला जांभई यायची.

म्हणून लुदिंग बोलायची कमी आणि काम चालवायची ओठावर.

आता ओठानं दाखवायला आमच्याकडे सगळ्यांनाच येतं. बोट दाखवणं वाईट दिसतं आणि हात बहुतेक वेळा भरलेले असतात. एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्यात छत्री. मग पोस्ट कुठे म्हणून कोणी विचारलं तर ओठांचा चंबू करायचा आणि तो पोस्टाकडे वळवायचा. 'हो' म्हणायचं असेल तर भुवया उडवायच्या. पण लुदिंगचा खालचा ओठ हा देवानं सवडीनं केलेला ओठ होता. जाड, रुंद आणि सगळ्या बाजूंना वळणारा. पन्नास मुलांमधून नेमक्या मुलाला, त्याच्या नेमक्या दप्तराला आणि दप्तरातल्या नेमक्या बेडकाला ती जागेवरून ओठानं दाखवू शकत असे. तिच्या लग्नात पाद्री परदेशी होता. "हा नवरा तुला मान्य आहे का?" असं त्यानं विचारलं, लुदिंगनं भुवया उडवल्या. त्याला वाटलं मुलीच्या मनात नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा उडवल्या. शेवटी मागच्या बाकावरून तिची आई ओरडली, "फादर, ती केव्हाची हो म्हणतेय! आता नवऱ्याला विचारा, नाहीतर तो पळून जाईल!"

अशा ह्या लुदिंगच्या वर्गात रोझविन आली.

बाप एडविन, आई रोझाली, म्हणून ही रोझविन. बाप जहाजावर, आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळायला आणि ही इथे आजीपाशी. आजी म्हणजे लोला पासिंग. पाळण्यातलं नाव पासिफिका, म्हणजे शांत. शाळेच्या फाटकाशी बसून ती साखरेत तळलेली केळी काडीला टोचून विकते, आणि तिनं गिऱ्हाइकाला मारलेली हाक आम्हाला प्रार्थनेच्या वेळी ऐकू येते.

रोझविन वर्गात बसायची नाही. वाईट नव्हती, कोणाच्या खोड्याही काढायची नाही. फक्त जिथे असायला हवी तिथे नसायची. वजाबाकी चालू असताना हिला छतावरची पाल दिसायची. पाल पडली तर कुठे पडेल ते बघायला ही उठायची, आणि तिथे पोचेपर्यंत पाल विसरून खिडकीत. पेन्सिलीला टोक काढायला बसली की पेन्सिल संपेपर्यंत काढायची. पायात कायम एकच चप्पल. लुदिंगनं प्रश्न अर्धा विचारला की हिचं उत्तर तयार असायचं, कधी त्या प्रश्नाचं, कधी परवाच्या.

लोला पासिंगला कारण ठाऊक होतं. "हिच्या आईला जिवंत कोळंबीचे डोहाळे लागले होते," ती सगळ्यांना सांगायची. "मी बजावलं होतं, शिजवून खा. ऐकलं नाही. आता पोर उड्या मारणार नाही तर काय करणार?"

मग दवाखान्यात शहरातली एक डॉक्टरीण आली. तिनं रोझविनला तपासलं, लुदिंगला पुष्कळ प्रश्न विचारले आणि सांगितलं, की ह्याला एडीएचडी म्हणतात. पोरीचा दोष नाही, आजीचा नाही आणि कोळंबीचाही नाही.

"एवढी अक्षरं?" लोला म्हणाली. "आमच्या अख्ख्या गावाची आडनावं एका अक्षरावर भागतात आणि हिच्या एकटीला चार?"

ते खरंच आहे. आमच्या गावात सगळ्यांची आडनावं 'त'वरून. तुमाबोताबो, तिरादोर, ताक्सागोन. रोझविन तुविया असल्यामुळे हजेरीत शेवटची आणि म्हणून बसायलाही शेवटची, खिडकीपाशी, जिथून गावातलं प्रत्येक कुत्रं दिसतं. डॉक्टरणीनं पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की मुलीला पुढे आणा. काम तुकड्यातुकड्यानं द्या. हलू द्या. चांगलं केलं की तिथल्या तिथे सांगा. आणि उठसूट नाव घेऊन हाक मारू नका, सगळा वर्ग हसतो आणि तिचं लक्ष होतं तेही जातं.

"नाव घ्यायचं नाही म्हणे," लुदिंग मधल्या सुट्टीत मला म्हणाली. "मग पन्नास पोरांमधून हिला बोलवू कशी, दाय?"

मी नुसती तिच्या ओठाकडे बघत राहिले. तिनं आधी तोंड पुसलं. मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

लुदिंग आणि रोझविननं मिळून खुणा ठरवल्या. ओठ पुढे म्हणजे फळ्याकडे बघ. ओठ खाली म्हणजे सोडण. भुवया वर म्हणजे शाब्बास, आता पुढचं गणित. ओठ डावीकडे दाराच्या दिशेनं म्हणजे स्टेपलर.

सोडणाचं असं, की आमच्या वर्गांच्या जमिनीला लाल मेण लावतात आणि नारळाचं अर्धं सोडण पायाखाली धरून, कमरेतून हलत, मुलं ती घासतात. रोज शाळा सुटल्यावरचं काम. लुदिंगनं रोझविनच्या बाकाखाली एक सोडण कायमचं ठेवून दिलं. वर गणित, खाली पाय चालू. घस्स घस्स. पार्टिशनच्या अलीकडे मला त्या आवाजावरून कळायचं की आज भागाकार सोपा जातोय का अवघड.

आणि स्टेपलर म्हणजे एक गंजका, मोडका स्टेपलर, ज्यात पिनाही नव्हत्या. पोरगी फारच चुळबुळायला लागली की लुदिंगचा ओठ डावीकडे जाई. मग रोझविन तो स्टेपलर घेऊन माझ्या वर्गात येई.

"मॅम, मॅम लुदिंगनी सांगितलं, स्टेपलरबद्दल थँक्यू."

"ठेव तिथे, इंदाय."

थोड्या वेळानं पुन्हा हजर.

"मॅम, मॅम लुदिंगनी स्टेपलर मागितलाय."

"घेऊन जा, इंदाय."

माझी चौथीची मुलं सुरुवातीला चकित झाली. नंतर त्यांचा समज झाला की तिसरीत पुष्कळ कागद असतात.

रोझविन बदलली असं मी म्हणणार नाही. चप्पल एकच राहिली. पण तिचं गणित पानाच्या तळापर्यंत पोचायला लागलं. आणि ती लुदिंगच्या तोंडाकडे अशी बघत बसे जसं मांजर मासे साफ करणाऱ्या बाईकडे बघतं. वर्गातल्या कोणाही पोराला मॅमचं तोंड एवढं पाठ नव्हतं.

माशी शिंकली ती सोडणामुळे. रोज दिवसभर घासून रोझविनच्या बाकाभोवतीची जमीन आरशासारखी झाली होती, आणि एके दिवशी फेरीवर आलेले तिरादोर सर तिथेच घसरले. पडले ते सरळ बसले, पाय पुढे पसरून. रोझविननं लगेच विचारलं, "सर, लागलं का?" पण बाकीचे एकोणपन्नास हसले. सरांच्या ते मनात राहिलं.

पुढच्याच आठवड्यात विभागीय पर्यवेक्षक मॅम एस्पेलेता पाठ बघायला येणार होत्या. सरांनी लुदिंगला बोलावून सांगितलं, "तुमच्या त्या मुलीबद्दल मी त्यांना कळवलंय. ती पूर्ण तास वर्गात टिकली तर ठीक. नाहीतर शहरातल्या खास वर्गात पाठवू. तिच्याच भल्यासाठी."

शहरातला खास वर्ग म्हणजे दोन जीपगाड्या बदलून जायचं. रोज नेणार कोण? लोला पासिंग केळी सोडून जाऊ शकत नव्हती. "पाठवा," ती म्हणाली, "म्हणजे बसेल माझ्याशेजारी केळी टोचत. तिची आई फोनवर विचारेल, शाळेत काय शिकलीस? सांगेल, कढई." आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण त्या दिवशी तिनं मला सुट्टे पैसे चुकीचे दिले. तिच्या हातून असं कधी होत नाही.

रोझविननं हे सगळं ऐकलं होतं. पर्यवेक्षक येण्याच्या आदल्या दिवशी स्टेपलर घेऊन आली तेव्हा म्हणाली, "मॅम, उद्या मी एकदापण उठणार नाही. मी पाय चिकटवून टाकणारे."

"कशानं गं?"

"जमिनीच्या मेणानं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लुदिंगची दाढ ठणकायला लागली. म्हणजे ती आठवडाभर ठणकतच होती, पण त्या सकाळी तिला उभं राहवेना. योगायोगानं चर्चच्या आवारात दातांचं फुकट शिबिर होतं. पाठ दहाला, म्हणून ही शाळेआधीच तिथे गेली आणि दाढ उपटून घेऊन आली.

मी तिला व्हरांड्यात बघितलं आणि माझ्या हातातला खडू पडला. गालात कापसाचा बोळा. अर्धं तोंड बधिर. आणि तो ओठ, तो सोन्यासारखा ओठ, डावीकडे लोंबत होता.

"लुदिंग! कोणी केलं हे?"

"होरगा होता एक," ती म्हणाली. "चांगला होता. दोन इंजेक्षनं दिली. हला काही कळलंच नाही."

जिथे जिथे ओठाला ओठ लागायला हवा ती सगळी अक्षरं गळून पडली होती. प नाही, ब नाही, म नाही, व नाही.

"आज शिकवू नकोस. मी घेते तास."

"हर्ग हाझा आहे," लुदिंग म्हणाली, आणि त्याच लडिवाळ सुरात म्हणाली. तिच्यापुढे बोलायची सोय नसते ती अशा वेळी.

दहा वाजता मॅम एस्पेलेता आल्या. आडनावावरूनच कळावं की बाहेरगावच्या. चापूनचोपून घातलेला गणवेश, मांडीवर वही. मागच्या बाकावर बसल्या. सर दाराशी उभे राहिले. मी माझ्या मुलांना निबंध दिला, "माझा आवडता प्राणी", आणि पार्टिशनला कान लावला.

"हुलांनो," लुदिंगचा आवाज आला, "आज आहण हाण्याची हाहिती घेऊ या."

पलीकडे बाकं करकरली.

"हाणी ताहलं की त्याची हाफ होते."

"मॅम," एक मुलगा म्हणाला, "कोणी हाणलं?"

खसखस पिकली. आणि तेवढ्यात माझ्या दारात रोझविन.

"मॅम, स्टेपलरबद्दल थँक्यू."

"आत्ता? आत्ता कशाला आलीस?"

"मॅमनी सांगितलं."

मी तिला तशीच परत पाठवली. बसली असेल नसेल, पुन्हा हजर.

"मॅम लुदिंगनी स्टेपलर मागितलाय."

"अगं, बस जाऊन तिकडे! त्या बाई बघतायत ना!"

ती गेली आणि पुन्हा आली. डोळे भरलेले, पायांना लाल मेण थापलेलं, त्यात एक चप्पल अडकलेली. "मी उठणार नव्हते, मॅम," ती म्हणाली. "पण त्या थांबतच नाहीयेत. सारखं स्टेपलर, स्टेपलर."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लुदिंगचा ओठ दाराकडे लोंबत होता आणि जगात एकच माणूस असं होतं जे त्या ओठाचं ऐकायचं कधी चुकत नव्हतं.

मी गुडघ्यावर बसले. "इंदाय, ऐक. मॅमनी दाढ काढलीय. ओठ झोपलाय. तो आज काय बोलेल ते खोटं. आज फक्त भुवया बघायच्या. कळलं?"

तिनं नाक पुसलं आणि भुवया उडवल्या.

मी तिचा हात धरला, स्टेपलर घेतला आणि तिसरीत जाऊन उभी राहिले. तिरादोर सर मॅम एस्पेलेतांकडे वाकून, बघा, मी म्हणत होतो ना, अशा चेहऱ्यानं काहीतरी पुटपुटत होते. मला बघून म्हणाले, "तुम्ही कशाला?"

"स्टेपलर द्यायला आले," मी म्हणाले आणि दिला नाही, म्हणजे जायला नको.

लुदिंग फळ्यापाशी घामानं भिजली होती. तिनं समुद्र काढला, सूर्य काढला, वर जाणारे बाण काढले. "हग ती हाफ हर जाते आणि तिचे ढग हनतात."

"कोण हगतं?" तोच मुलगा.

वर्ग कोसळला. पोरं बाकावर लोळली. मॅम एस्पेलेतांनी वहीत काहीतरी लिहिलं. लुदिंगनं तोंडावर रुमाल धरला आणि त्या क्षणी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

रोझविन उठली. एका चपलेवर.

"मग! मग ती वाफ वर जाते आणि तिचे ढग बनतात!" ती पोरांवर ओरडली. "हसताय काय? नीट बघा ना त्यांच्याकडे! त्या स्पष्ट बोलतायत!"

"ए, खाली बस!" सर म्हणाले.

रोझविननं लुदिंगकडे बघितलं. ओठ म्हणत होता, स्टेपलर. भुवया कपाळात गेल्या होत्या.

मग ती बसलीच नाही. फळ्यापाशी गेली. लुदिंग बोलायची आणि रोझविन सांगायची. "हाऊस." "पाऊस!" "हर्फ." "बर्फ! पण आपल्याकडे नसतो, फक्त शीतपेयवाल्याकडे असतो." वाफ वर जाते म्हटलं की ती टाचा उचलून वर जायची, ढग जड झाले की गाल फुगवायची, पाऊस पडला की धप्पकन खाली. उड्या मारायला तिला प्रथमच कोणी विषय दिला होता. पोरं आता गप्प झाली होती. कारण ती बोलली नाही तर मॅमचं काहीच कळत नव्हतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

शेवटी लुदिंग म्हणाली, "हान उघडा, घरी दिलेला अह्यास..."

"मॅम म्हणतायत आज अभ्यास नाही," रोझविन म्हणाली.

लुदिंगच्या भुवया झर्रकन खाली आल्या.

"आहे," रोझविन म्हणाली. "पण थोडा."

घंटा झाली. मॅम एस्पेलेता उठल्या आणि पुढे येऊ लागल्या. रोझविनच्या बाकापाशी त्यांचा पाय सटकला. मी आणि लुदिंगनं दोन्हीकडून धरलं म्हणून वाचल्या. त्यांनी खाली चकाकणाऱ्या जमिनीकडे, मग सोडणाकडे, मग रोझविनच्या पायाकडे बघितलं. मुलांकडे वळून म्हणाल्या, "मला कळवलं होतं की ह्या वर्गात एक जण अजिबात लक्ष देत नाही. कोण ते?"

आमच्याकडे बोट दाखवत नाहीत. पन्नास चंबू झाले आणि पन्नासच्या पन्नास दाराकडे वळले. लुदिंगचा तर आधीपासूनच तिकडे होता.

दारात तिरादोर सर पाठ करून फोनवर बोलत होते.

"सर," मॅम एस्पेलेतांनी हाक मारली, "ढग कशाचे बनतात?"

"हो, हो मॅम," सर वळून म्हणाले, "जेवणाचं सांगितलंय मी त्यांना. कातडं कुरकुरीतच हवं. भाजलेलं डुक्कर निघालंय."

मॅम एस्पेलेतांनी मला विचारलं, "आणि हा स्टेपलर कशासाठी आहे? मघापासून इकडून तिकडे जातोय. जरा द्या, मला कागद जोडायचेत." त्यांनी दोनदा दाबला. उघडून बघितला. आत पिना नाहीत, नुसता गंज. मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात त्यांनीच मान हलवली. वाकल्या आणि तो रोझविनच्या हातात दिला.

"इंदाय, हा शेजारच्या वर्गात ठेवून ये. जेवणानंतर मी परत मागेन. इथेच असशील ना?"

रोझविननं लुदिंगकडे बघितलं. लुदिंगनं सरांकडे. सरांनी छताकडे, जिथे पाल होती. मग त्यांनी नाइलाजानं भुवया उडवल्या, आणि रोझविन स्टेपलर घेऊन सुटली.

त्या दुपारी लोला पासिंगनं लुदिंगला केळ्याची अख्खी काडी फुकट दिली. लुदिंगला चावता येईना. मग लोलानं ती परत घेतली आणि कोणाला तरी विकली.

जूनमध्ये रोझविन माझ्या चौथीत आली. सोबत सोडण आणि स्टेपलरही आले. अडचण एकच, माझे ओठ. आमच्या घराण्यात ओठ नाहीतच, नुसती रेघ आहे. मी रोज सकाळी आरशासमोर सराव करायला लागले. नवऱ्यानं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कोण आहे तो?" लुदिंग पार्टिशनवरून डोकावून शिकवायची. "वळव अजून. अजून! अगं दाय, हा चंबू आहे का चोच?"

पहिल्या सोमवारी रोझविन चुळबुळायला लागली तेव्हा मी सगळी ताकद लावून ओठ दाराकडे वळवले. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं, मग जवळ आली आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "मॅम, तुमची पण दाढ काढली का?"